होझुगावाची बोट: नावाड्यांची कामगिरी बघायला जा

क्योतोला जाऊन एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते होझुगावाच्या, म्हणजे होझु नदीच्या, बोटीवर करा, असं मी हल्ली नागपुरात धंतोलीत माझ्याकडे येणाऱ्या, जपानचं तिकीट काढलेल्या प्रत्येकाला सांगते. देवळं, बांबूचं बन, किमोनो घालून फोटो, हे सगळं होतंच. या बोटीचं मात्र कुणी नाव घेत नाही. आम्ही नागपुरात ज्या टूर कंपनीकडे चौकशी केली होती, त्यांच्या कार्यक्रमात क्योतोच्या पश्चिम टोकाच्या आराशियामाला जेमतेम तासभर ठेवला होता आणि बोटीचा उल्लेखही नव्हता. आमची लेक ओसाकाला नोकरी करते. तिने तो कागद बाजूला सारला आणि सगळी आखणी स्वतः केली, म्हणून ही सफर घडली.

कामेओका हे क्योतोच्या पश्चिमेला डोंगरापलीकडचं गाव. तिथून बोट निघते आणि होझु नदीच्या दरीतून साधारण 16 किलोमीटर खाली आराशियामाला येते. वेळ दोन तासांच्या आसपास. पाणी जास्त असेल तर लवकर पोचते, कमी असेल तर वेळ लागतो. बोट लांबट, सपाट तळाची, आणि तिला इंजिन नाही. पुढे एक माणूस लांब बांबू घेऊन उभा, एक वल्ह्यावर, एक मागे सुकाणूवर. पाणी आणि वारा पाहून माणसं वाढवतात. आमच्या दिवशी चौघं होते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इतवारीतले हमाल, कळमन्याला पोती उचलणारे, दिवसभर ट्रक चालवणारे, दिवसभर खुर्चीत बसणारे, अशा सगळ्यांच्या पाठी आणि कंबरा बघण्यात माझं आयुष्य चाललंय. त्यामुळे बोट सुटली तेव्हा बाकी सगळे डोंगराकडे बघत होते आणि मी पुढच्या नावाड्याच्या कमरेकडे बघत होते. सफर संपेपर्यंत माझी नजर तिथून फारशी हललीच नाही, आणि त्यातच मला सगळा आनंद मिळाला.

बांबू चालवणारा माणूस हातांनी ढकलत नाही. बांबूचं टोक खडकावर टेकलं की तो गुडघे वाकवतो, कंबर खाली घेतो, पाठ सरळ ठेवतो आणि सगळं वजन मांड्यांतून बांबूवर टाकत बोटीच्या कडेने दोन-चार पावलं मागे चालत येतो. म्हणजे प्रत्यक्षात तो जागच्या जागी राहतो आणि त्याच्या पायांखालून बोट पुढे सरकते. बांबू किंचित वाकतो, धक्का स्वतःत घेतो आणि खांद्यापर्यंत पोचू देत नाही. लोखंडी दांडा असता तर या माणसाचे खांदे पाच वर्षांत निकामी झाले असते. वल्ह्यावरचा माणूस पाय फळीला रोवून ओढतो. दंड त्याचे नुसते दोरीसारखे ताणलेले. खरी ताकद पायांतून आणि पाठीतून येते. वजन उचलताना पाठ कशी ठेवायची हे मी माझ्या पेशंटना वर्षानुवर्षं घसा कोरडा करून शिकवते, ते इथे पाण्यावर, हलत्या फळीवर, एकही फेरी न चुकता चाललं होतं.

त्याहून मला आवडली ती अदलाबदल. ठरावीक टप्पा आला की नावाडी जागा बदलतात. बांबूवाला वल्ह्यावर जातो, वल्ह्यावाला सुकाणूवर. एकाच सांध्यावर, एकाच स्नायूवर दोन तास भार पडत नाही. आमच्याकडच्या कारखान्यांमध्ये हे करा म्हणून मी किती वेळा सांगितलंय! लेकीने विचारलं तेव्हा त्यातल्या सगळ्यात वयस्कर नावाड्याने सांगितलं की तिन्ही कामं आली पाहिजेत, नाहीतर माणूस पुरा नावाडी होत नाही, आणि नदी कुठे काय करते हे अंगात मुरायला वर्षं जातात. साठीच्या पुढचा असावा. त्याच्या पोटऱ्या मी बघतच राहिले.

एका वळणावर त्याने खडकाकडे बोट दाखवलं. खडकात खळगे पडले होते. पिढ्यान् पिढ्यांच्या नावाड्यांनी बांबू त्याच जागी टेकवून टेकवून ते झालेत. थोडं पुढे खडकाच्या कडेवर घासल्यासारख्या खाचा होत्या, त्या दोरांच्या. आज बोटी आराशियामाला रिकाम्या झाल्या की ट्रकवर चढवून कामेओकाला परत नेतात. पूर्वी ट्रक कुठले? नावाडी खाली आले की दोर खांद्याला लावून, काठच्या अरुंद वाटेने, त्याच बोटी प्रवाहाविरुद्ध ओढत वर न्यायचे. दगडात खाच पडेपर्यंत दोर घासला, तर तो ज्या खांद्यांवर होता त्या खांद्यांचं काय झालं असेल, हे मला तरी बघितल्याबरोबर जाणवलं. डोंगरावरची हिरवाई विसरेन कदाचित, त्या खाचा विसरणार नाही.

ही नदी मुळात बोटीजोगी नव्हती. 1606 साली क्योतोचा व्यापारी सुमिनोकुरा र्‍योई याने ती मोकळी केली. त्याने ओकायामाकडच्या एका नदीवर सपाट तळाच्या बोटी मालाची ने-आण करताना पाहिल्या होत्या, आणि हेच आपल्या होझुवर का होऊ नये, असं त्याच्या मनाने घेतलं. मोठाले दगड दोरांनी ओढून बाजूला केले, पाण्याखालचे लोखंडी पहारेने फोडले, वर आलेले आगीने तापवून तडकवले. मग कामेओकाकडच्या तांबा भागातल्या डोंगरातलं धान्य, सरपण, कोळसा या वाटेने राजधानीत, म्हणजे तेव्हाच्या क्योतोत, येऊ लागला. लाकडाचे तराफे तर त्याच्या आधीपासूनच खाली सोडले जात होते. रेल्वे आणि मोटारी आल्या तशी मालवाहतूक संपली आणि प्रवासी राहिले. म्हणजे ही करमणुकीसाठी नव्याने मांडलेली गोष्ट नाही. कामाची वाट आहे आणि काम करणारी माणसं अजून तिच्यावर आहेत. बोटी चालवणारी संस्थाही नावाड्यांचीच, आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखी. हे कळल्यावर तिकिटाचे पैसे मला अजिबात जड वाटले नाहीत.

तिकीट मोठ्या माणसाला 6,000 येन. आमच्या चौघांचे मिळून एका चांगल्या हॉटेलातल्या रात्रीएवढे झाले. महाग आहे, यात वाद नाही. पण चार माणसं दोन तास अंगमेहनत करतात, बोट ट्रकने परत जाते, हे सगळं त्यात आलं.

आता भेडाघाटचं सांगते, कारण नागपूरचा माणूस हे वाचून पहिल्यांदा तेच विचारेल. जबलपूर आपल्याला जवळ. आमच्या घरी तर पाहुणे आले की भेडाघाट ठरलेलं. तिथे नर्मदा संगमरवराच्या कड्यांमधून संथ जाते, नावाडी यमक जुळवत गोष्टी सांगतो आणि आपण कडे बघतो. ते सौंदर्य होझुला नाही. इथले कडे उंच आहेत, पण पांढरेशुभ्र नाहीत. काळपट, तपकिरी, झाडांनी झाकलेले. पण भेडाघाटला बोट पाण्यावर असते, इथे पाण्यात असते. संथ डोह येतो, त्यात डोंगराचं प्रतिबिंब, कडेला बगळा, खडकावर उन्हाला बसलेली कासवं. मग आवाज वाढायला लागतो. समोर पाणी पांढरं दिसतं. दोन खडकांमधली फट बोटीएवढीच, आणि मागचा माणूस सुकाणू वळवून बोट बरोबर त्या फटीत घालतो. सगळ्यात मोठी उडी कोआयुच्या धबधब्याची, साधारण 2 मीटर उतार. तिथे बोटीचं नाक खाली जातं आणि पाणी दोन्ही बाजूंनी उसळतं. कडेला बसणाऱ्यांच्या हातात प्लॅस्टिकची पट्टी असते, नावाडी ओरडला की ती वर धरायची. आमच्या पुढच्या बाकावरच्या तैवानच्या मुलांनी ती मुद्दाम धरली नाही आणि चिंब भिजली. मागे बसलेल्या आमच्या आईंच्या अंगावर नुसते तुषार आले.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय पंचाहत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. त्यांना घेऊन हे करावं का, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, "आईला काठावर बसवू, आपण जाऊन येऊ." आई म्हणाल्या, "मी वैनगंगेच्या काठची पोरगी आहे रे. डोंग्यात बसून पल्याडच्या शाळेत जात होती मी." विषय तिथेच मिटला. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं. लहानपणी ढिवरांच्या डोंग्यातून नदी ओलांडायची त्यांना सवय.

ज्यांच्या सोबत अशी आई, सासू, वडील असतील त्यांच्यासाठी लिहिते, कारण हे मला आधी कुठेच नीट वाचायला मिळालं नव्हतं. बसायला आडव्या फळ्या आहेत आणि त्या बुटक्या आहेत. गुडघा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकतो. दोन तास तसं बसणं झीज झालेल्या गुडघ्याला सोसत नाही, म्हणून मी घरून एक जाड उशी नेली होती आणि ती खाली घातली. चार बोटं उंची वाढली की फरक पडतो. पाय लांब करायला पुढे जागा फार नाही, म्हणून बाकाच्या कडेची जागा मागून घ्या, तिथे एक पाय तिरपा सोडता येतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी टाच वर-खाली करायला सांगा. चढताना धक्क्यावरून बोटीत एक पायरी खाली उतरावं लागतं आणि बोट हलते. नावाडी स्वतः हात देतात, तेही कोपराखाली, जसा द्यायला हवा तसा. मधे उतरता येत नाही आणि बोटीत शौचालय नाही. कामेओकाच्या धक्क्यावर जाऊन घ्या आणि सकाळपासून चहा जरा बेतानेच प्या. मधुमेह असेल, सारखं जावं लागत असेल तर दोन तास जड जातील. गुडघा किंवा खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, कमरेची नस दबलेली असेल, तर जाऊ नका. खळाळात बोटीचा तळ दगडाला घासतो, तो ठोका सरळ कण्यात जातो.

लाइफ जॅकेट सगळ्यांना बांधावंच लागतं आणि कर्मचारी पट्टे ओढून बघतात. याची मला फार कदर वाटली, आणि कारणही सांगायला हवं. मार्च 2023 मध्ये या नदीवर सुकाणूवरचा नावाडी पाण्यात पडला, बोटीवरचा ताबा सुटला, ती खडकावर जाऊन उलटली. प्रवासी वाचले, दोन नावाडी गेले. सेवा बंद ठेवली गेली आणि जुलैमध्ये पुन्हा सुरू झाली. हे लपवून मी कुणाला तिथे जा म्हणणार नाही. नदी नदीच आहे. पाणी चढलं की ते बोटी सोडत नाहीत, आणि तसं झालं तर हट्ट न करता दुसऱ्या दिवशीचं बघावं. म्हणून क्योतोतला हा बेत शेवटच्या दिवशी ठेवू नका.

आराशियामाहून वर कामेओकाला जाताना आम्ही सागानोच्या तोरोक्को गाडीने गेलो. 880 येन, 7.3 किलोमीटर, पंचवीसेक मिनिटं, त्याच दरीच्या काठाने. जुना सानिन लोहमार्ग 1989 मध्ये नव्या बोगद्यांमुळे निकामी झाला, त्यावर 1991 पासून ही पर्यटकांची गाडी चालते. बरी आहे. खिडकीतून खाली नदी दिसते आणि नदीतल्या बोटी दिसतात, बोटीतली माणसं हात हलवतात. नंतर आपण बोटीत असतो आणि वरच्या गाडीला हात हलवतो. लहान मुलं सोबत असतील तर घ्या. नसतील तर क्योतो स्टेशनहून साध्या जेआर (जपान रेल्वे) गाडीने कामेओकाला उतरा, तिथून धक्का चालत दहा मिनिटांच्या आत आहे, शेजारी मोठं फुटबॉल स्टेडियम आहे, चुकायचा प्रश्नच नाही. तोरोक्कोचं कामेओका स्टेशन वेगळं, भाताच्या खाचरांमध्ये. तिथून धक्क्यापर्यंत बस घ्यावी लागते. आईंना त्या बसची चढ-उतार बोटीपेक्षा जास्त त्रासाची झाली.

बोलणं सगळं जपानीत चालतं, मधे मधे इंग्रजीचे तुकडे. हा बेडूक खडक, हा सिंहासारखा, असं दाखवत जातात. जपानी प्रवासी खळखळून हसत होते, लेक आम्हाला जमेल तेवढं सांगत होती. भाषा येत नसेल तर अर्धी गंमत जाते, पण हातांची भाषा बघायला आलेल्या माणसाला ते फारसं जाणवणार नाही.

शेवटच्या टप्प्यात नदी रुंद आणि शांत होते. तिथे खाऊच्या वस्तूंची दुसरी बोट येऊन आपल्या बोटीला चिकटते. भाजलेला स्क्विड (माकूळ), ओदेन म्हणजे रश्श्यात उकळलेले पदार्थ, बिअर, मिताराशी दांगो. आमच्या आई शाकाहारी. ओदेनच्या रश्श्यात मासळीचा अर्क असतो, त्यामुळे तो बाद. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, वर सोया सॉस आणि साखरेचा चिकट पाक. ते त्यांनी घेतले आणि पिशवीतला पातळ पोह्यांचा चिवडा सोबत खाल्ला. नवऱ्याने स्क्विड घेतला, चांगला होता, किंमत मात्र बाहेरच्यापेक्षा जास्त. नाही घेतलं तरी कुणी आग्रह करत नाही.

एक गोष्ट मला फार भिडली. एवढ्या दरीत मला काठावर प्लॅस्टिक जवळजवळ दिसलं नाही. लेकीने सांगितलं की हे आपोआप झालेलं नाही. काही नावाड्यांनीच नदीतला कचरा उचलायला सुरुवात केली, मग गाव त्यात आलं, आणि शेवटी कामेओका शहराने दुकानांतून प्लॅस्टिकच्या पिशव्या देण्यावर बंदीच घातली. जानेवारी 2021 पासून ती लागू आहे, आणि असं करणारं ते जपानमधलं पहिलं शहर. मी रोज नाग नदीच्या पुलावरून जाते. पावसाळ्यात पुलाच्या खांबांना काय अडकलेलं असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. ज्यांचं पोट नदीवर आहे त्यांनी आधी वाकून कचरा उचलला, हे ऐकून मला त्या चौघांबद्दल आणखीच आदर वाटला.

उतरल्यावर तोगेत्सुक्यो पूल समोरच आहे, तिथली गर्दी मी वर्णन करत नाही. दम असेल तर त्या गर्दीकडे पाठ करून नदीच्या दक्षिणेकडच्या काठाने उलटं वर चालत जा. डोंगरावर दाइहिकाकु सेन्कोजी नावाचं लहानसं देऊळ आहे. नदी मोकळी करताना जे मजूर गेले त्यांच्यासाठी र्‍योईने ते उभारलं. आत त्याची स्वतःची लाकडी मूर्ती आहे: गुंडाळलेल्या दोराच्या वेटोळ्यावर बसलेला, हातात दगड फोडायचं हत्यार. पायऱ्या बऱ्याच आहेत, आईंना आणि नवऱ्याला खाली चहाच्या दुकानात बसवून मी आणि लेक गेलो. तिथून दरी आणि खाली येणाऱ्या बोटी दिसतात. बोट करून मगच हे देऊळ बघा, उलट क्रमाने केलंत तर त्या दोराकडे लक्षही जाणार नाही.

हंगामाबद्दल. सगळे एप्रिलमध्ये चेरीच्या फुलांसाठी आणि नोव्हेंबरमध्ये लाल पानांसाठी धावतात. आम्ही मेच्या शेवटी गेलो, नागपूर तापून निघालेलं असताना. तिथे हवा हलकी गार, झाडं कोवळी हिरवी, जपानचा पाऊस अजून सुरू व्हायचा होता आणि नदीला बेताचं पाणी होतं. शाळांच्या सुट्ट्याही जुळतात. फक्त मेच्या सुरुवातीला जपानी लोकांची मोठी सुटी असते, तो आठवडा टाळा. हिवाळ्यात बोटीला पारदर्शक आच्छादन घालून आत गरम करतात. थंडी न सोसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तो पर्याय आहे, पण मग तुषार अंगावर येणार नाहीत.

पाचातले पाच गुण देते, त्यातले चार त्या चौघांना. बुटक्या फळ्यांसाठी अर्धा गुण कापायचा विचार केला होता, पण आईंनी कापू दिला नाही. जागा मागताना बांबूवाल्याच्या जवळची, अगदी पुढची मागा. भिजाल, पण त्याचे पाय तिथूनच दिसतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मात्र मधल्या किंवा मागच्या बाकावर कडेला बसावं. सकाळची लवकरची बोट घ्या. मेमध्ये आम्हाला ऑनलाइन नोंदणी सहज मिळाली, नोव्हेंबरसाठी मात्र बरंच आधी करून ठेवा.